प्रतिकारक धान लावलं, तरी पानं करपली? आधी हे तपासा

लक्षणं बहुतेक वेळा अशी असतात. रोवणीला महिना-दीड महिना झालेला असतो. पानाच्या टोकाकडून किंवा एका कडेनं पिवळसर पट्टा उतरू लागतो. त्याची आतली रेघ सरळ नसते, नागमोडी असते. आठवडाभरात पट्टा वाळून तणसाच्या रंगाचा होतो. सकाळी दव असताना कडेवर दुधाळ-पिवळे थेंब दिसतात आणि ऊन चढलं की त्यांचे बारीक मणी होतात. वारा-पाऊस एकत्र आला की दोन-तीन दिवसांत अख्खी बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत) वरून भाजल्यासारखी दिसते. काही ठिकाणी हे फार लवकर होतं: रोवून पंधरा दिवसही होत नाहीत, तोच चूडच्या चूड (एका जागी रोवलेल्या रोपांचा झुबका) कोमेजून बसते.

आणि घरात बियाण्याची रिकामी पिशवी असते, तिच्यावर छापलेलं असतं: रोगप्रतिकारक.

गेले चौदा खरीप मी पूर्व विदर्भातल्या धानाच्या बांध्या बघत फिरतोय. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून फोनवर अशाच पानांचे फोटो यायला लागतात आणि खाली ठरलेलं वाक्य असतं, "भाऊ, हे तर प्रतिकारक होतं ना?" अशा तक्रारींत वाणातला जीन, म्हणजे रोग अडवणारं जनुक, खरोखर हरलाय असं मला फार थोड्या वेळा आढळलं. बाकी वेळी रोग भलताच होता, रोप लहान होतं, बियाणं भेसळीचं होतं, किंवा युरिया सढळ हातानं पडला होता. म्हणून जीनवर खापर फोडण्याआधी खालच्या क्रमानं जा. पहिल्या चार गोष्टींना पैसा लागत नाही.

कोणता करपा?

घोळ आपल्या भाषेतूनच सुरू होतो. करपा, कडा करपा आणि पर्णकोष करपा ही तीन नावं सख्ख्या भावांसारखी वाटतात, पण या रोगांचं एकमेकांशी काही नातं नाही. करपा बुरशीचा: पानावर दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्याच्या आकाराचे ठिपके, मध्ये राखाडी आणि कडेला तपकिरी. हीच बुरशी पुढे लोंबीच्या मानेवर आली की आपण तिला मानमोडी म्हणतो. कडा करपा जिवाणूचा. वर सांगितलेली लक्षणं त्याचीच. पर्णकोष करपा वेगळ्याच बुरशीचा, पाण्याच्या पातळीजवळ पर्णकोषावर सापाच्या कातडीसारखे चट्टे आणतो.

हे आधी ठरवायचं, कारण धानाचा जीन म्हणजे सगळ्या रोगांवरची ढाल नव्हे. तो एका कुलपाची एक किल्ली आहे. करप्याच्या बुरशीवर चालणाऱ्या जीनांना 'पीआय' घराण्यातली नावं आहेत: पीआय-२, पीआय-९, पीआय-५४. कडा करप्यावर चालणाऱ्यांना 'एक्सए' घराण्यातली, आणि असे चाळीसहून अधिक जीन आजवर नोंदले गेलेत. पीआय-५४ असलेल्या वाणावर कडा करपा आला, तर त्या जीनचं काही चुकलेलं नाही. ते काम त्याचं नव्हतंच. पर्णकोष करप्याला तर पूर्ण रोखणारा एकही मोठा जीन हाती लागलेला नाही. त्यामुळे 'पर्णकोष करप्याला पूर्ण प्रतिकारक' असं कुणी सांगितलं, तर तिथूनच परत फिरा.

पिशवी किंवा माहितीपत्रक काढा आणि नुसतं 'रोगप्रतिकारक' वाचून थांबू नका. कोणत्या रोगाला ते नाव शोधा. 'मध्यम प्रतिकारक' असेल तर त्याचा अर्थ रोग येईल पण कमी येईल, एवढाच. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी इथेच मिटतात. समाधान होत नाही म्हणा, पण मिटतात.

पाण्याचा ग्लास

पट्टा दिसला म्हणजे जिवाणूच, असं नाही. पालाश कमी पडलं तरी जुन्या पानांच्या कडा आणि टोकं पिवळी पडून वाळतात. जस्ताच्या कमतरतेतही रोवणीनंतर दोन-चार आठवड्यांत पानं तांबूस-तपकिरी होतात. त्याला खैरा म्हणतात; हा रोग नसून जस्ताची उपासमार आहे, हे पंतनगरला १९६६ मध्ये दाखवून दिलं गेलं. तिथे जीन काय करणार?

तपासणी सोपी आहे. सकाळी पान तोडा. वाळलेला भाग आणि हिरवा भाग जिथे भेटतात तो दोन बोटांएवढा तुकडा कात्रीनं कापा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घ्या, तुकडा उभा धरून कापलेलं टोक पाण्यात बुडवा आणि ग्लास उजेडापुढे धरा. पाच-दहा मिनिटांत टोकातून धुरासारखी दुधाळ रेघ खाली उतरली, तर तो जिवाणू. काहीच उतरलं नाही, तर दुसऱ्या चार पानांवर करून बघा. तरीही पाणी नितळ राहिलं, तर कडा करपा विसरा आणि माती परीक्षणाचा कागद काढा. पूर्ण वाळलेलं जुनं पान मात्र घेऊ नका, त्यातला जिवाणू मेलेला असू शकतो आणि निष्कर्ष खोटा निघतो.

इथे एक चकवा आहे. कडा करप्याचाच एक जवळचा भाऊबंद, त्याच जिवाणू-जातीचा दुसरा प्रकार, पानावर शिरांच्या मधोमध बारीक रेघा ओढतो. पान सूर्यापुढे धरलं की त्या रेघा पारदर्शक दिसतात. ग्लासात त्याचीही दुधाळ रेघ उतरते. पण कडा करप्याचा नावाजलेला एक्सए-२१ याच्यापुढे हात टेकतो. फरक नजरेनं करायचा: कडेवरून उतरणारा रुंद, नागमोडी पट्टा म्हणजे कडा करपा, पानभर विखुरलेल्या सुईसारख्या रेघा म्हणजे हा.

रोवल्याबरोबर चूड कोमेजली असेल, तर खोडकिड्याशी गल्लत होते. मधली सुरळी ओढा. अलगद उपसून आली आणि बुडाशी कुरतडलेली असेल, तर खोडकिडा. येत नसेल, तर रोपाचं बूड कापून दाबा; पिवळट चिकट द्रव आला तर जिवाणू.

रोपाचं वय

हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. एक्सए-२१ हा जीन पूर्ण वाढलेल्या रोपात जबरदस्त चालतो, पण पऱ्ह्यात, म्हणजे रोवणीआधीच्या कोवळ्या रोपात, कच्चा असतो. वाण अस्सल, बियाणं अस्सल, तरीही रोवणीच्या सुमारास रोग शिरू शकतो, आणि त्यात फसवणूक कुणाचीच नसते.

आपणच त्याला दार उघडून देतो ते असं. पऱ्हे उंच झाले की मजूर जुडी बांधून वरचे शेंडे कापतात. या जिवाणूला पानात शिरायला दोन वाटा लागतात: पानाच्या कडेवरची पाणी सोडणारी नैसर्गिक छिद्रं, नाहीतर जखम. शेंडा कापणं म्हणजे हजारो जखमा एका विळ्यानं करणं, आणि तो विळा जुडीजुडीवरून फिरतो. तीन वर्षांपूर्वी एका बांधीत अर्ध्या भागात रोग होता आणि अर्धा भाग स्वच्छ. वाण एकच, खत एकच. शेवटी कळलं की अर्ध्या जुड्यांचे शेंडे पहिल्या दिवशी कापले होते. दुसऱ्या दिवशी विळा घेणारी बाई आली नाही म्हणून तसेच रोवले.

तुमच्या शेतात रोग लवकर आला असेल आणि पुढची नवी पानं स्वच्छ निघत असतील, तर जीन कामाला लागलाय. वाट बघा. वरून दिसणारी वाळलेली पानं जुनी आहेत. नवी पानंही, विशेषतः पोटरीच्या वेळचं झेंड्याचं पान (लोंबीलगतचं सगळ्यात वरचं पान), त्याच वेगानं करपत असेल, तर पुढे वाचा.

युरिया, सावली, पाणी

बांधीत फिरा आणि रोगाचा नकाशा मनात काढा. झाडाच्या सावलीखाली जास्त आहे का? पाणी शिरतं त्या तोंडाशी जास्त आहे का? युरियाचा हात जिथे जड पडला, त्या गर्द हिरव्या पट्ट्यात जास्त आहे का? उत्तर हो असेल, तर दोष परिस्थितीत आहे. जीन सगळ्या रोपांत सारखाच असतो; रोग ठिगळाठिगळानं आला तर त्याचं कारण जीनमध्ये शोधू नये.

नत्र जादा झालं की पान मऊ, रसाळ, दाट होतं आणि बांधीत ओल टिकते. जिवाणूला आणखी काय हवं? राहिलेला युरियाचा हप्ता थांबवा. पाणी काढून बांधी दोन-तीन दिवस सुकू द्या, पण ते पाणी शेजाऱ्याच्या बांधीत सोडू नका. दव असताना आत फिरू नका, कारण ओल्या पानांवरून तुमच्या पँटसोबत जिवाणूही पुढच्या चुडीवर जातो. धुऱ्यावर जंगली धान किंवा मागच्या हंगामाचे खुंट फुटले असतील तर काढा; रोग तिथे दम धरून बसतो.

करप्याचं बुरशीनाशक कडा करप्यावर फवारणं म्हणजे नुसते पैसे पाण्यात घालणं. जिवाणू आहे, बुरशी नाही. दुकानात मिळतं म्हणून अँटिबायोटिकही स्वतःच्या मनानं मारू नका. करपलेलं पान कशानंच परत हिरवं होत नाही.

बियाणं खरंच तेच आहे का?

इथून खर्च सुरू होतो, निदान वेळेचा तरी.

बांधीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं चाला आणि शंभर चुडी मोजा. उंची, पानाचा रंग, निसवण्याचा दिवस यांत वेगळ्या दिसणाऱ्या किती, ते लिहून घ्या. मग बघा: रोग त्याच वेगळ्या चुडींवर आहे की सगळ्यांवर? फक्त वेगळ्यांवर असेल, तर भेसळ आहे. भेसळ बहुधा मळणीयंत्रात, खळ्यावर किंवा मागच्या वर्षीच्या सांडलेल्या दाण्यातून उगवलेल्या रोपांमुळे होते. दुकानदारावर आरोप करण्याआधी हे स्वतःच्या घरी तपासा.

घरचं बियाणं राखलं म्हणून प्रतिकार 'उतरतो' ही समजूत चुकीची आहे. धान स्वतःच स्वतःला फळवतं. सरळ वाणाचं बी नीट निवडून राखलं, तर जीन पिढ्यानपिढ्या तसाच राहतो. बिघडते ती निवड.

संकरित वाणाचं मात्र वेगळं. त्याचं बी राखून पेरलं की पुढच्या पिढीत जीन वाटले जातात. शिवाय कडा करप्याचे सगळे जीन एका स्वभावाचे नाहीत. एक्सए-२१ची एकच प्रत रोपात असली तरी तो बोलतो. एक्सए-५ आणि एक्सए-१३ हे बुजरे. आईकडून आणि बापाकडून अशा दोन्ही प्रती असतील तरच काम करतात. इंग्रजीत लिहिताना पहिल्याला मोठा एक्स आणि या दोघांना छोटा एक्स लावतात तो यासाठीच. संकराच्या एकाच पालकात एक्सए-१३ असेल, तर त्या संकरित रोपाला त्याचा उपयोग शून्य. त्याचं बी राखलं तर पुढच्या पिढीत चारातल्या एका रोपाला तो मिळतो. एक्सए-२१ एकाच पालकाकडून आला असेल, तर राखलेल्या बियात चारातली तीन रोपं तगतात आणि चौथं करपतं. शेत चट्ट्यापट्ट्यांचं न दिसता रोपारोपानं मिसळलेलं दिसलं, तर हा हिशेब आठवा.

टॅग जपून ठेवलाय का? प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, पायाभूतचा पांढरा. 'सत्यप्रत' बियाण्याला बाहेरच्या प्रमाणीकरण यंत्रणेची मोहर नसते. तिथे उत्पादकाचा शब्द हाच पुरावा. ते वाईटच असतं असं नाही, पण वाद झाला तर कशाच्या जोरावर भांडायचं ते कळून राहतं.

जीन हरला असेल तर

सगळी रोपं एकसारखी, वय पुरेसं, नत्र बेताचं, ग्लासात दुधाळ रेघ, तरीही नवं पान करपतंय. आता जीनवर संशय घ्यायला जागा आहे. हे समजायला थोडं आत शिरावं लागेल.

जिवाणू पानात शिरला की पेशीला सुई टोचल्यासारखी काही प्रथिनं आत सोडतो. त्यातली काही थेट पेशीच्या केंद्रकात जातात आणि धानाच्याच एका जीनचं बटण दाबतात. तो जीन साखर पेशीबाहेर सोडणारं दार बनवतो. दार उघडलं की जिवाणूला घरबसल्या खाऊ. एक्सए-१३ असलेल्या धानात त्या बटणाची घडण जराशी बदललेली असते. जिवाणूचं बोट बसत नाही, दार उघडत नाही, तो उपाशी राहतो. एक्सए-५ची तऱ्हा अशीच चोरटी. जीन वाचणाऱ्या पेशीतल्या यंत्राच्या एका भागात एकच अमिनो आम्ल, ३९व्या जागेवरचं, बदललंय. तेवढ्यानं जिवाणूच्या प्रथिनांना त्या यंत्राचा आधार नीट घेता येत नाही.

एक्सए-२१चं काम उलटं. तो पेशीच्या बाहेरच्या भिंतीशी पहारेकरी बसवतो. जिवाणूनं सोडलेला एक छोटा प्रथिन-तुकडा त्याला लागला की आत बोंब उठते. हा जीन मुळात आफ्रिकेतल्या मालीच्या जंगली धानातला. त्या धानाचा प्रतिकार कटकच्या संशोधकांनी ओळखला, फिलिपाईन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तो लागवडीच्या धानात आणला गेला, आणि १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या प्रयोगशाळेनं तो वेगळा करून दाखवला.

आता पहारेकऱ्याला ज्या तुकड्याची ओळख आहे, तोच जिवाणूनं बदलला किंवा टाकून दिला तर? पहारेकरी जागा आहे, पण चोर ओळखू येत नाही. एकाच जीनवर उभं असलेलं वाण मोठ्या भागात वर्षानुवर्षं लावलं की असा जिवाणू निवडला जातोच. म्हणूनच हैदराबादच्या धान संशोधन संस्थेनं आणि तिथल्याच सीसीएमबी या पेशी-रेणू जीवशास्त्राच्या संस्थेनं मिळून सांबा मसुरीत एक्सए-५, एक्सए-१३ आणि एक्सए-२१ तिन्ही एकत्र बसवले. ते सुधारित सांबा मसुरी २००८ साली आलं. तीन वेगळी कुलपं एकाच वेळी तोडणं जिवाणूला फार अवघड जातं. दिल्लीच्या पुसा संस्थेनं २०२१ मध्ये दिलेल्या बासमती १८४७, १८८५ आणि १८८६ या वाणांत कडा करप्याचे दोन आणि करप्याचे दोन असे चार जीन आहेत. यातलं काहीच 'जीएम' (प्रयोगशाळेत जनुक घालून बदललेलं) नाही, हेही सांगून टाकतो, कारण प्रत्येक सभेत कुणीतरी विचारतंच. साधा संकर, आणि कोणत्या रोपात जीन उतरला ते ओळखायला प्रयोगशाळेतली खूण, इतकंच.

जाता जाता: या रोगाची भारतातली पहिली नोंद महाराष्ट्रातलीच आहे, १९५१ची. त्यामुळे 'हा रोग संकरित बियाण्यानं आणला' असं पारावर कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

तुम्हाला करता येण्यासारखी शेवटची चाचणी एका हंगामाची आहे. पुढच्या खरिपात पाच-पाच ओळींचे तीन पट्टे शेजारी-शेजारी रोवा: तुमचं राखलेलं बी, त्याच वाणाचं नवं प्रमाणित बी, आणि रोगाला हमखास बळी पडणारं एखादं जुनं वाण. खत-पाणी एक. बळी पडणारं वाणही स्वच्छ राहिलं, तर त्या वर्षी रोगच नव्हता आणि चाचणी बाद. ते करपलं, नवं बी तगलं, तुमचं करपलं, तर दोष तुमच्या बियात. तिन्ही करपली, तर जिवाणू बदललेला असण्याची शक्यता खरी आहे. बाहेरून जिवाणू आणून पानांना लावायच्या भानगडीत मात्र पडू नका. ते काम प्रयोगशाळेचं आहे आणि शेजाऱ्याचं पीकही तुमच्या धुऱ्यालाच लागून आहे.

इथे थांबा, माणूस बोलवा

रोपात जीन आहे की नाही हे डोळ्यांनी कधीच कळत नाही. त्याला पानाच्या डीएनएची चाचणी लागते. जिवाणूचा प्रकार ओळखणं त्याहून किचकट. पुढच्यापैकी काहीही झालं तर स्वतःचे प्रयोग बंद करा: पोटरीच्या आत झेंड्याचं पान करपायला लागलं, गावात वेगवेगळ्या दुकानांतून आणलेलं एकच वाण सगळीकडे एकसारखं करपलं, किंवा तीन पट्ट्यांच्या चाचणीत नवं प्रमाणित बीही गेलं. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात नाहीतर सिंदेवाही किंवा साकोलीच्या संशोधन केंद्रात जा.

नमुना नेताना अर्धं हिरवं, अर्धं करपलेलं पान न्या, दहा-बारा चुडींवरून. ओलं पान प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलं तर पोहोचेपर्यंत कुजतं. वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. सोबत रोवणीची तारीख, खताचा हिशेब आणि रोग पहिल्यांदा दिसला तो दिवस लिहून द्या.

बियाण्याची तक्रार असेल तर पीक उभं असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या, म्हणजे तक्रार निवारण समितीला बांधीत येऊन पंचनामा करता येतो. पावती, पिशवी, टॅग आणि थोडं उरलेलं बी हवंच. कापणी झाल्यावर माझ्याकडेही लोक येतात. तेव्हा बांधीत फक्त खुंट असतात, आणि खुंटावरून कुठला करपा होता हे मलाही सांगता येत नाही.